ब्याण्णव टक्के समाधान

सदाशिव पेठेत तीन पिढ्या काढलेल्या घरातल्या मुलाला टोमणा कळू नये, म्हणजे कमालच झाली. आफताबचं तेच झालं, आणि तेही पगार घेऊन.

आफताब व्यवसाय सल्लागार. म्हणजे नेमकं काय, हे त्याने बुकबाइंडर अब्बांना, अल्लाबक्षना, कितीदा तरी समजावलं. “म्हणजे दुकान त्यांचं आणि अक्कल तुझी,” एवढं म्हणून ते पुढचं पुस्तक शिवायला घेत.

अक्कल तरी त्याची कुठे होती? ती लॅपटॉपमध्ये. एक सॉफ्टवेअर तक्ते काढी, दुसरं कुठल्या भागात कोण किती कमावतं त्याची आकडेवारी पुरवी. सगळ्यांत लाडकं भावमापक. गिऱ्हाइकांनी नेटवर लिहिलेले अभिप्राय त्याला खिलवायचे, की खूश किती आणि नाराज किती ते सांगून मोकळं. “वाचत बसायचं असतं तर हे विकत कशाला घेतलं?” असं त्याच्या वरिष्ठ निशा मॅडम म्हणत. आफताबने एकही अभिप्राय वाचला नाही.

आप्पासाहेबांचं भोजनालय पेठेत. माणूस मात्र शहराच्या हद्दीत गेलेल्या गावचा, बोलणं सरळ. उरलेली जमीन विकून आणखी चार शाखा काढाव्यात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांनी शाखांना होकार दिला, तर आफताबची नोकरी कायम होणार होती.

भावमापक म्हणालं, ब्याण्णव टक्के समाधानी. आफताबने पडद्यावर हिरवागार तक्ता दाखवला. आप्पासाहेबांनी शाखांच्या करारावर सही करायला पेन काढलं आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे, तुळजाबाईंकडे पाहिलं.

“एखादं वाचून दावा की. हिलाबी ऐकू द्या.”

सगळ्यांत जास्त गुण मिळालेला अभिप्राय आफताबने मोठ्याने वाचला. “ताट यायला इतका वेळ लागला, की शेजारच्या टेबलाशी सोयरीक जमली. फार आपुलकीची जागा.”

तुळजाबाई लाजल्या. “लोकांची लग्नं जमत्यात आपल्याकडं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

आफताबला मात्र त्यातला टोमणा आत्ता कळला. त्याने घाईने खालचा वाचला. “भाजीत मीठ नव्हतं, ते वाढप्याच्या बोलण्याने भरून निघालं. उत्तम सेवा.” त्याच्या खालचा त्याहून गोड. बाप रे, सगळी पेठच इथे मन मोकळं करून गेली होती.

आप्पासाहेबांचं पेन कागदाला टेकलं. गप्प बसायचं आणि नोकरी पक्की करायची, इतकं सोपं होतं. आफताबने हात पुढे करून कागद ओढून घेतला.

“आप्पासाहेब, हे कौतुक नाहीये. शिव्या आहेत.”

“शिव्या? ह्यात शिवी कुठं हाय?”

मग त्याने समजावलं. टोमणा उलगडून सांगणं फार वाईट काम. वाक्यागणिक तुळजाबाईंचा चेहरा उतरत गेला, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

आप्पासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “जमीन वाचली. लय उपकार झालं तुमचं.”

आफताबने मान खाली घातली. आता आपली पाळी, हा टोमणा आपल्याला पुरेपूर लागू आहे, असं त्याला वाटलं. तोवर आप्पासाहेबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ते खरंच आभार मानत होते.

पेठेत असं सरळ कुणी बोलत नाही.