हारुन कल्हईवाला रस्ता सोडत नाही

हारुन कल्हईवाल्याचं डोकं एरवी शांत. आयुष्यात त्याने भांडण केलं असेल तर ते काळ्या पडलेल्या पातेल्यांशी. पण दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या हिवाळ्यात हा माणूस अशा हट्टाला पेटला, की पेठेतल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नंदुरबारात कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या वाटेवर एक अरुंद पेठ होती. तिथल्या व्यापाऱ्यांनी दुकानांपुढे दोन्ही अंगांनी हौसेने फरसबंदी करून घेतली होती, रस्त्यापेक्षा चांगली वीतभर उंच. कारभारही त्यांचीच कमिटी बघायची. पेठेतून मालाची सायकल चालवायची तर कमिटीचा पत्र्याचा बिल्ला लागे, आणि हारुनकडे तो होता. मागे भाता आणि कोळशाचं पोतं, पुढे कथील-नवसागराची पिशवी, अशी सायकल हाणत तो कोरीटच्या बाजूच्या गावांना जायचा. पेठ टाळली तर तीन मैलांचा फेरा पडे आणि निम्मी सकाळ वाटेतच सरे. गावात उशिरा पोचलेल्या कल्हईवाल्यासाठी बाया भांडी राखून ठेवत नाहीत.

घोटाळा बैलांपायी झाला. कोरीटचा शेतकरी लोटन कापसाची गाडी घेऊन येत होता. समोरून हारुनने शहाण्यासारखी घंटी वाजवली, आणि बैल उधळून कापूस रस्ताभर झाला. कमिटीने दुसऱ्याच दिवशी पाटी ठोकली: रस्ता गाड्यांचा, सायकलींनी फरसबंदीवरून जावे. ही अक्कल ज्याने काढली तो फरसबंदीवरून कधी चालला नसावा. तिथे धान्य निवडणाऱ्या बाया बसत, म्हातारी माणसं उन्हाला टेकत, दुकानातून गिऱ्हाईक बाहेर पडे ते हिशेबाच्या नादात, मान खाली घालून.

पाटीचा मान राखून हारुन एकच दिवस तिथून गेला. भुईमुगाच्या शेंगा विकणारी दगूबाई टोपलीपासून उठली, सायकलचं हँडल तिला लागलं आणि ती पडली. उजवं मनगट मोडलं. हारुननेच तिला हाडवैद्याकडे नेलं, पण हाड वाकडंच बसलं.

"मन्हा हात आते भाकर थापाना नही ऱ्हायना," एवढंच ती म्हणाली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून हारुनने ठरवलं, मरण आलं तरी सायकलचं चाक फरसबंदीला लावायचं नाही.

तो सरळ रस्त्याने जाऊ लागला, पाटीच्या नाकावर टिच्चून. तिसऱ्या दिवशी कमिटीचा जमादार दिलवरसिंग त्याला धरून शेठजींपुढे घेऊन गेला. शेठजी कमिटीचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण आपण लावलेली पाटी चुकू शकते हे त्यांच्या स्वप्नातही येत नसे.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, हारुन. फरसबंदीवरून जा, नाहीतर बिल्ला ठेव."

"फरसबंदीवर मानसं चालतस, शेठ. सायकल हातमा धरीसन रस्तावरथून चालसू. बठीसन नही जावाव."

बिल्ला काढून घेतला गेला. शेठजींना वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुन पेठेच्या तोंडाशी सायकलवरून उतरला आणि ती हाताने ढकलत रस्त्याच्या मधोमध चालू लागला. बिल्ला सायकल चालवायला लागत होता; चालायला बिल्ला लागतो असं कुठल्याच पाटीवर नव्हतं. ओझं जड होतं, त्यामुळे वीस पावलं झाली की तो सायकल उभी करून दम खायचा. दम खायलाही मनाई नव्हती. दिवस कापसाचे. मागे गाड्यांची रांग लागली. जिनिंगवर जी गाडी आधी पोचेल तिचा काटा आधी, त्यामुळे गाडीवाले चरफडू लागले.

चौथ्या दिवशी नेमका लोटनच मागे आला.

"हारुनभाई, बाजूले व्हय ना. मन्हा नंबर जाई."

"तुन्हा बैल घंटीले बिचकनात, म्हनीसन तं हाई सगळं व्हयनं."

लोटन जरा खजील झाला. "बिचकनात नही भो. शर्यतना बैल शेतस त्या. यात्रामा घंटी वाजनी का पळानं, तेच मी त्यासले शिकाडेल शे."

हारुन बघतच राहिला. "मंग शेठले कसाले नही सांगं?"

"मले कोनी इचारंच नही."

हारुनने पान्हा काढला आणि तिथेच रस्त्यात घंटी सोडवून खिशात टाकली. "आतेपासून घंटी नही, तोंडघाई हाक मारसू," तो म्हणाला, आणि पुन्हा दम खायला उभा राहिला.

ही बातमी शेठजींपर्यंत पोचली. त्यांनी दिलवरसिंगाच्या हाती बिल्ला परत धाडला, एकट्या हारुनला रस्त्याने जायची मुभा म्हणून. हारुनने तो घेतला नाही. "बिल्ला मन्हा एकलाना. पाटी सगळासनी शे," तो म्हणाला. "उद्या दुसरा कोनी सायकलवाला त्या फरशीवरथून जाई." दोन गावांनी दुसरा कल्हईवाला धरला होता, आणि असंच आठ दिवस चाललं असतं तर बाकीची गावंही गेली असती. तरी तो उतरूनच चालला.

शेवटी शेठजी स्वतः आले. मागे गाड्यांची रांग पेठेबाहेर गेली होती.

"हारुन, आधी बाजूला हो. मग बोलू."

"बाजूले दगूबाई बठेल शे, शेठ."

शेठजींनी वळून पाहिलं. दगूबाई डाव्या हाताने शेंगा मोजून देत होती, निम्म्या सांडत होत्या, आणि वाकडा हात पदराखाली होता. मग शेठजी दिलवरसिंगाला म्हणाले, "पाटी काढ."

पाटी निघाली. बिल्ला सायकलला लागला. गाडीवाल्यांनी कासरे सैल सोडले. पण हारुन सायकल धरून तसाच उभा राहिला, दगूबाईकडे न बघता. आता त्याला कुणी अडवत नव्हतं, तरी पाय उचलेना.

दगूबाईने डोळे वर केले. "बठ ना आते," ती म्हणाली. "मांगे मानसं खोळंबेल शेतस."

तेव्हा कुठे तो सायकलवर बसला.