हलक्या कादंबऱ्यांविषयी माझं मत

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. माहेर मेहकरचं. वय तेवीस, लग्न व्हायचं होतं, आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी करायला काही नसायचं, म्हणून मी वाचनालयात जाऊ लागले. बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्या, चार कपाटं आणि एक लांब टेबल एवढंच ते वाचनालय होतं. ते सांभाळणारे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले होते. पुस्तक हातात देताना ते एखादी रजिस्टर चिठ्ठी द्यावी तसं दोन्ही हातांनी द्यायचे.

टेबलावर त्यांनी एक अभिप्रायाची वही ठेवली होती. वाचकांनी पुस्तकाबद्दल चार ओळी लिहाव्यात अशी त्यांची इच्छा, पण लिहीत कुणी नसे. त्यांनी मला गळ घातली. वाचनालयाच्या समितीला पुढची खरेदी करायला सोपं जाईल म्हणाले. मला तर तेच हवं होतं. शाळेत दिवसभर मुलींचे निबंध तपासून माझ्या लेखणीला धार आलेली होती.

त्या वर्षी दोन प्रकारची पुस्तकं जास्त आली. एक म्हणजे हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या. नायक उंच, गोरा, मोटार चालवणारा. नायिका गरीब पण बीए झालेली. दोघांमध्ये एका पत्रावरून गैरसमज होतो आणि तो दीडशे पानं टिकतो. निळ्या मुखपृष्ठाच्या अशाच एका कादंबरीवर मी लिहिलं होतं की ही सगळी इमारत एका न विचारलेल्या प्रश्नावर उभी आहे. नायिकेनं तिसऱ्या प्रकरणात तोंड उघडलं असतं तर लेखकाचे आणि आपलेही श्रम वाचले असते. हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा वाचून आले.

दुसरा प्रकार निसर्गावरच्या पुस्तकांचा. पक्षी, रानवाटा, झाडं. त्यातलं एक तर सातपुड्यावरच होतं. लेखक पुण्याकडचे, भाषा अशी की वाचताना अंगावर गार वारा यावा. त्या पुस्तकाला मी वहीचं अख्खं पान दिलं. माझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून सातपुड्याची निळी रांग रोज दिसायची. त्या डोंगरात मी एकदाही गेले नव्हते, आणि पान भरताना ही गोष्ट मला आठवलीसुद्धा नाही.

समितीनं माझी वही मनावर घेतली. पुढच्या खरेदीत एकही प्रेमाची कादंबरी आली नाही. मला अभिमान वाटला, घरी पत्रातही कळवलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारची सकाळची शाळा सुटताना, दवाखान्यातल्या नर्सबाई मला भेटायला आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीत. बाळंतिणींच्या खोलीचं सगळं त्याच बघत. मी त्यांना वाचनालयात पाहिलं होतं. दर आठवड्याला त्या तसलीच एखादी कादंबरी पिशवीत टाकून नेत, आणि मी मनात त्यांची कीव करत असे.

त्यांनी आवाज चढवला नाही. वही त्यांनी वाचली होती. लिहिलंय छान, म्हणाल्या. मग सांगू लागल्या की त्यांच्या खोलीत पाच खाटा आहेत. डोंगराकडच्या गावांतून, ज्यांची आधीची बाळंतपणं बिघडली आहेत अशा बाया दिवस भरण्याच्या आधीच आणून ठेवतात. आठ आठ दिवस त्यांना पडून राहायचं असतं. घरी काम सुटत नाही आणि इथं वेळ सरत नाही. भीतीनं अर्ध्या होतात. दुपारी नर्सबाई त्यांना वाचून दाखवतात.

"तुमचं ते झाडाचं पुस्तकही नेलं होतं बाई. चार पानं वाचलं. बाया हसून राहिल्या होत्या. मले समजलं नाही काऊन ते. तुम्ही येऊन पाहा एकदा."

मला राग आला, पण नाही म्हणता आलं नाही. रविवारी दुपारी सातपुड्यावरचं पुस्तक घेऊन मी दवाखान्यात गेले. खोलीत फिनेलचा वास होता. तीन बाया होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरची माझ्याच वयाची होती. तिच्या घरी भाजीचा मळा, वांगी-मिरची करत. शेत थेट डोंगराच्या पायथ्याशी. दोन लेकरं जन्मताच गेलेली, ही तिसरी खेप.

मी वर्गात वाचते तसं वाचू लागले. लेखक संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली उभा आहे आणि मावळत्या उन्हात झाड फुलांनी लखलखतं आहे, असं वर्णन होतं. खिडकीजवळची तोंडाला पदर लावून हसली. मी विचारलं, काय झालं? ती आधी सांगेना. मग म्हणाली की त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची तीन झाडं आहेत. मोह पहाटे गळतो. ऊन चढायच्या आत बाया वेचून मोकळ्या होतात. संध्याकाळी झाडावर पाहायला काय राहतं? ह्या माणसानं मोह कधी वेचला नाही.

मी पुढं वाचलं. रानातली नीरव शांतता आली. नीरव म्हणजे काय, तिनं विचारलं. अजिबात आवाज नाही असं, मी सांगितलं.

"रान कुठं गप बसते बाई? पाखरं, किडे, वानरं, काही ना काही चालूच राह्यते. रान गप झालं म्हंजे समजाचं, जवळ काही तरी आलं. मंग आपन तिथं थांबाचं नाही."

शेजारच्या खाटेवरची मान हलवत म्हणाली, हाव. लेखक मात्र त्या शांततेत दोन पानं उभा राहून जन्म-मरणाचा विचार करत होता. मी पुस्तक मिटलं. ते वाईट पुस्तक नव्हतं, आजही मी तसं म्हणणार नाही. पण मी त्याला ज्या गोष्टीसाठी पानभर मान दिला होता, नेमकी तीच, डोंगराची खरी ओळख, त्यात नव्हती, आणि ते ओळखायला मला डोंगराखालची बाई लागली.

नर्सबाईंनी मग एका खाटेच्या उशाखालून निळी कादंबरी काढून माझ्या हातात दिली. महिनाभर त्यांनी ती परतच केली नव्हती. बाया सावरून बसल्या. पत्राचा घोटाळा झालेला होता, नायिका रडत होती. भाषा भिकार होती. एका पानावर चंद्र दोनदा उगवत होता. पण खोलीत इतकं लक्ष होतं, की तेवढं माझ्या वर्गात मला कधी मिळालं नव्हतं.

थोड्या वेळानं मी मुद्दाम थांबले आणि म्हटलं, ही त्याला सरळ विचारत का नाही, मनात दुसरी कुणी आहे का म्हणून? वाटलं होतं, मोहाच्या वर्णनाला हसू आलं तसं इथंही येईल.

खिडकीजवळची हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कसं इचारीन? इचारलं आन् त्यानं हो म्हटलं तं?"

मग हळूहळू तिनं सांगितलं. दुसरं लेकरू गेल्यापासून नवरा बोलेनासा झाला होता. मारत नाही, रागवत नाही, जेवतो आणि मळ्यात जातो. घरात त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघतात. तो तिथंच बसलेला असतो, ना हो म्हणत, ना नाही. त्याच्या मनात काय आहे हे तिला दीड वर्षापासून विचारायचं होतं. एका घरात राहून तिला ते जमलं नव्हतं.

मला वहीत लिहिलेलं माझं ते आवडतं वाक्य आठवलं आणि कान तापले. मी पुढं वाचत राहिले. चार वाजता निघाले तेव्हा चाळीस पानं उरली होती. पुढच्या रविवारी येते, असं सांगून आले.

पुढच्या रविवारी ती खाट रिकामी होती. गुरुवारी ती बाळंत झाली होती. मुलगी, सुखरूप. ओल्या बाळंतिणीला हलवू नका असं नर्सबाई म्हणत होत्या, पण माणसं बैलगाडीत गादी घालून दोघींना घेऊन गेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात मिरचीचं रिकामं पोतं. तो मला शोधत होता. जवळ आला आणि पायांकडे बघतच बोलला.

"बाई, घरून निरोप हाय. त्या पुस्तकातल्या पोरीचं काय झालं, ते इचारून ये म्हने."

त्याला वाटत होतं ती कुणी खरीच मुलगी आहे आणि दवाखान्यात काही तरी घडलं आहे. मी सांगितलं की गोष्ट आहे. तो म्हणाला, गोष्ट तर गोष्ट, पण नीट सांगा. मी विसरलो तर घरी खैर नाही.

व्हरांड्यात उभ्या उभ्या मी त्याला उरलेली चाळीस पानं सांगितली. नायिका गाव सोडून निघते, स्टेशनवर तो भेटतो, आणि शेवटी ती त्याला विचारते की तुमच्या मनात दुसरी कुणी आहे का. पुस्तकात हे वाक्य फार फुलवून लिहिलं होतं. मी साधं करून सांगितलं. मी काय करते आहे हे मला समजत होतं.

"मंग त्यानं काय सांगतलं?"

"नाही म्हणाला. दुसरी कुणी नव्हतीच. त्याला बोलता येत नव्हतं, एवढंच."

त्यानं पोतं या हातातून त्या हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, काही मानसायचं तसंच असते. घंटा झाली आणि तो गेला.

त्या आठवड्यात मी वाचनालयात गेले आणि त्या निवृत्त गृहस्थांना सांगितलं की माझ्या लिहिण्यावरून खरेदी ठरवू नका. त्यांनी चष्मा काढला आणि मी एवढी विचारपूर्वक दिलेली मतं मागे का घेते आहे ते विचारलं. मतं मागे घेत नाही, मी म्हटलं. पुस्तकं वाईटच लिहिलेली आहेत. पण ती कोण वाचतं ते मला ठाऊक नव्हतं. समितीतल्या एका वकिलांना हे पटलं नाही आणि बराच वाद झाला. तरी पुढच्या खेपेला सहा कादंबऱ्या आल्या.

ती बाई मला पुन्हा भेटली ती होळीनंतर, बाजारात. मुलगी कडेवर, डोळ्यांत काजळ घातलेलं. नवरा थोडा पलीकडे भाजीच्या पाटीशी बसला होता. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "इचारलं म्या." मी म्हटलं, मग? ती हसू दाबत म्हणाली की तो भाकर खात होता, घास तसाच हातात राहिला. आणि मग म्हणाला की दुसरी आणली अन् तिचीही लेकरं अशीच गेली तर, ह्या भीतीनं त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. भीती त्या दुसरीसाठी होती की स्वतःसाठी, हे काही त्यानं सांगितलं नाही. तिनंही पुढं विचारलं नाही. तेवढं तिला पुरलं होतं. तिनं माझ्या पिशवीत चार वांगी टाकली आणि पाटीकडे गेली.

दोन वर्षं मी रविवारी दवाखान्यात वाचलं. मग नर्सबाईंची बदली झाली, आणि नव्या आलेल्या बाईंना खोलीत गर्दी चालत नसे. तिकडे नव्या जागी वाचनालयच नाही असं नर्सबाईंनी कळवलं, म्हणून खामगावला गेले तेव्हा मी दोन नव्या कादंबऱ्या घेऊन त्यांना पोस्टानं पाठवल्या. महिन्याभरानं कार्ड आलं. पहिली चांगली आहे, बायांना आवडली. दुसरीत माणसं नुसती समुद्राकडे बघत बसतात, इथं समुद्र कुणी पाहिलेला नाही; पुढच्या वेळी पाठवण्याआधी जरा वाचून पाहत जा.