रामलिंगअप्पा आणि विमानाचं रबर

लातूरच्या आमच्या हँगरमध्ये रामलिंगअप्पा पहिल्यांदा आले, तेव्हा मी स्टोअरमधून मान वर करून पाहिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस काही इथं टिकत नाही. अप्पा अहमदपूरचे हूडवाले. ट्रकच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरचे हूड, जीपच्या सीटा शिवण्यात त्यांची उमर गेली. शिकाऊ विमानांच्या फाटक्या सीटा शिवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचा हात बघून धम्मप्रिया मॅडमनी ठेवून घेतलं, पण तात्पुरतं. "उन्हाळाभर बघू, मग ठरवू," म्हणाल्या. अप्पांना दम कुठला! त्यांनी दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि आपण आता विमानाचं काम करतो म्हणून बाजारभर सांगून टाकलं. उन्हाळ्यानंतर परत जावं लागलं, तर त्याच बाजारात तोंड कसं दाखवायचं?

मॅडम आमच्या इंजिनिअर, नांदेडच्या. वयानं अप्पांच्या लेकीएवढ्या, पण त्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. बोलणं कमी, चहा जास्त.

मे महिन्यात एका विमानाचं इंजिन तापायला लागलं. या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नसतं, वाराच लागतो. तो समोरून शिरतो, सिलिंडरांच्या वर भरतो आणि त्यांच्या मधून खाली उतरून बाहेर पडतो. त्यानं दुसरीकडून पळू नये म्हणून इंजिनाभोवती पत्र्याच्या भिंती असतात आणि भिंतींच्या वरच्या काठाला रबराची पट्टी. वरून झाकण बसलं की पट्टी त्याला चिकटते आणि फट बुजते. त्या विमानाचं रबर जुन्या चपलेसारखं कडक होऊन जागोजागी चिरलं होतं. मॅडमनी नवीन रबर मागवलं आणि काम अप्पांना दिलं.

अप्पांनी जुन्या पट्ट्या ठेवून माप घेतलं, रबर कापलं, भोकं पाडून रिव्हेट मारले. मॅडमनी प्रत्येक रिव्हेट तपासला, मान डोलावली आणि फोन आला म्हणून बाजूला गेल्या. झाकण अप्पांनी बसवलं. ते खाली टेकवताना रबराचा उभा काठ हातानं हळूच मागं दुमडला. पोराचा सदरा खोचावा तसा. मी बघत होतो. मला तर ते कौतुकाचंच वाटलं.

विमान शिकवणारे कॅप्टन अमरनाथ विमान वर घेऊन गेले आणि लगेच खाली आले. तापमानाचा काटा आधीपेक्षाही वर गेला होता. "रबर नवीन आहे, म्हणजे दुखणं इंजिनातच असणार. उद्या सिलिंडर उतरवू," मॅडम म्हणाल्या. अप्पांचा चेहरा एवढासा झाला. शनिवार होता. पिशवी काखेत मारून ते गावाकडच्या एसटीत बसले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. चाकूरच्या अलीकडं एसटीपुढं तुरीच्या पोत्यांचा ट्रक होता. ताडपत्री बांधणाऱ्यानं आळस केलेला, पुढचा काठ उघडाच. असं काम दिसलं की अप्पांच्या तोंडात शिवी येते. ताडपत्रीचा काठ वाऱ्याला पाठ करून मागं दुमडायचा, हा त्यांचा जन्माचा धडा. पण त्या ट्रकच्या ताडपत्रीत वारा शिरला होता, ती टम्म फुगली होती आणि वरच्या दोरांना अशी घट्ट दाबून बसली होती की मधून काडी जाऊ नये. अप्पा ताडकन सीटवरून उठले. ट्रकमध्ये वारा शिरू द्यायचा नसतो. इंजिनात तर तोच भरायचा होता! त्यांच्या रबरानं मात्र वाऱ्याला पाठ केली होती. वारा त्याला झाकणाकडं दाबायच्या ऐवजी खाली लोटून मागं पळत होता.

ते चाकूरला उतरले आणि मिळेल त्या गाडीनं परतले. मॅडम निघायच्याच बेतात होत्या.

"मॅडम, इंजिनाला हात लावू नका. त्याचं काई चुकलं न्हाई," अप्पा धापा टाकत म्हणाले. "म्याच रबर उलटं दुमडलं. ताडपत्रीवानी. ठेवायचं का न्हाई ते तुमी ठरवा, पन आधी झाकन उघडा."

झाकण बसलेलं असताना मुद्दाम आत डोकावल्याशिवाय हे कुणाला कळणारही नव्हतं. उघडल्यावर रबर आपसूक सरळ झालं असतं आणि दोष इंजिनावर गेला असता. नोकरी टांगणीला असताना हा माणूस तोंडानं सांगतो म्हणजे कमालच! मला त्यांचा अभिमान वाटला आणि हातची नोकरी घालवतात म्हणून थोडा रागही आला.

झाकण उघडायच्या आधी मॅडमनी वारा शिरतो त्या पुढच्या तोंडातून टॉर्च मारली. काठ खरंच मागं दुमडलेला होता. "हे मीही बघायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग दोघांनी मिळून काठ पुढं वळवला, वाऱ्याकडे तोंड करून, आणि झाकण बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या रखरखत्या उन्हात कॅप्टन म्हणाले, "अप्पा, शेजारी बसा. तुमचं काम तुम्हीच बघा."

विमान उतरलं तेव्हा अप्पा घामानं निथळत होते, इंजिन मात्र ठीक होतं. मॅडमनी आकडे ऐकले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात नांदेडची विमानं इथं दुरुस्तीला यायला लागतील अप्पा. त्यांची रबरं तुम्हीच करायची."

अप्पा "हाव" म्हणाले. हँगरच्या मागं जाऊन त्यांनी बायकोला, आरतीवहिनींना, फोन लावला. पलीकडून वहिनींनी विचारलं असावं, वरून आपलं गाव दिसलं का?

"कुटलं!" अप्पा म्हणाले. "म्या सारा येळ काट्याकडंच बघून राहिलो व्हतो. दिसंल की कवातरी. आता हितंच हाय न म्या."