दांडी धरून बसणारे काकाजी

काकाजी थांबलेल्या गाडीतसुद्धा खिडकीवरची दांडी धरून बसायचे. गाडी अंगणात उभी, चावी माझ्या हातात, इंजिन बंद, आणि हे मागच्या सीटवर दांडीला लटकलेले. मी म्हणायची, "काकाजी, अजून सुरूबी नाई केली." ते म्हणायचे, "मंग सुरू झाल्यावर धरू का? तवा उशीर होते नं."

बोरगाव मेघेत त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. वर्ध्याच्या बाजारात आयुष्यभर कटलरीचं दुकान चालवलं, बांगड्या, टिकल्या, कंगवे विकले आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा घरी बसले. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गॅसची नळी, उन्हाळ्यातला कूलर, गच्चीवरची माकडं, ओटीपी मागणारा कुरिअरवाला, सगळ्यांची भीती. लपवायचे मात्र नाहीत. "मी भित्रा माणूस आहो, बापा," हे ते आपलं गाव सांगावं इतक्या सहज सांगायचे.

कुठल्याही कामाआधी त्यांची एक पद्धत होती. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं असलं तरी आजूबाजूच्या प्रत्येकानं आपापलं भेव मोठ्यानं सांगायचं. "बोलून टाका. पोटात ठेवलं तं हात थरथरते." आणि सगळ्यांचं ऐकून झालं की म्हणायचे, "भेव लागून राह्यलं नं? म्हंजे आपण बरोबर करून राह्यलो." काकू तेवढ्या कधीच सांगायच्या नाहीत. "मले नाई बा कशाचं भेव," म्हणायच्या आणि पदर खोचून आत जायच्या.

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, किडन्या निकामी झाल्या आणि दिवसाआड सेवाग्रामच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. नवरा चंद्रपूरला नोकरीला. गाडी चालवायची मी. गाडी कसली, तिसऱ्या मालकाकडून घेतलेला डबा! पण ऑटोच्या धक्क्यांनी मामाजींचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो डबाच आमचा आधार होता.

त्या डब्यानं एका सकाळी रेल्वेच्या पुलावर, ऐन चढावर, दोन आचके दिले आणि मान टाकली. मागे कोळशाचा ट्रक. हॉर्नवर हॉर्न. मामाजींच्या छातीत पाणी साचलेलं, त्यांना धड बोलताही येत नव्हतं, नुसता हात माझ्या हातावर ठेवून माझ्याकडे पाहत होते. मी चावी फिरवतेय, गाडी खोकतेय, समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. गाडी सुरू झाली, आम्ही पोहोचलो, पण त्या दिवसापासून पूल जवळ आला की मी रस्ता सोडून त्या पिवळ्या दिव्याकडेच पाहायची. मी माहेरची तळेगावची, ट्रॅक्टर चालवून शिकलेली बाई. मला गाडीचं भय कधी वाटलं नव्हतं. आता रात्रीपासूनच पुलाचं भय वाटायचं.

गॅरेजवाल्यानं सांगितलं, सायलेन्सरच्या नळीसकट सगळं बदलावं लागेल. आकडा ऐकून मी नुसतं "बरं" म्हटलं आणि घरी आले. मामाजींच्या इंजेक्शनांपुढे गाडीला तेवढे पैसे कुठले?

काकाजींना मी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांना आमच्या घराची काळजी भिंतीतून ऐकू जायची. त्यांनी गाडीचा दोष फोनवर दाखवणारं एक स्वस्तातलं यंत्र मागवलं, स्टेअरिंगखाली खुपसलं आणि चष्मा वर करून म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर."

ऑक्सिजन म्हटल्याबरोबर मी आधी मामाजींच्या खोलीकडे पाहिलं. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

"तो नाई व. गाडीचा. धुराच्या नळीत बसते, बोटाएवढा. धूर पाहून पेट्रोल कमी-जास्त द्या म्हून इंजिनाले सांगते. याचं डोकं फिरलं, म्हून गाडी आचके देऊन राह्यली. अख्खी नळी कायले बदलतं? एवढाच बदलू. घरीच."

"तुमी बदलसान?"

"मलेच तं भेव लागून राह्यलं."

नवा सेन्सर घरी यायला आठवडा गेला. तेवढे दिवस काकाजींनी फोनवर व्हिडिओ पाहिले. पण कसे? काम नीट झालेला व्हिडिओ ते अर्ध्यातच बंद करायचे. ज्यात काहीतरी मोडलं, अडकलं, पेटलं, तेच पुन्हा पुन्हा पाहायचे. "चांगलं झालेलं पाहून काय शिकाचं?"

रविवारी सकाळी गाडी त्यांच्या अंगणात लावली. सोमवारी डायलिसिसचा दिवस. ओट्यावर खाटेवर मामाजी. काकाजींनी गाडी जराशी गरम करून बंद केली, बॅटरीची तार काढली, गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि हातमोजे चढवून आमच्याकडे वळले. "बोला."

त्यांनीच सुरुवात केली. "मले भेव हाय का नळीचे आटे झिजून जातीन. मले भेव हाय का पाना निसटून तोंडावर येईन. जुन्याची तार कापल्याबिगर रिंगपाना त्याच्यावर बसत नाई, अन् तार कापली का गाडी गेली. मंग तो निंगलाच नाई, तं उद्या मी यायले काय तोंड दाखवू?" ते मामाजींकडे बोट दाखवत म्हणाले.

मामाजी खाटेवरून म्हणाले, "मले भेव हाय का तुमी दोघं मिळून गाडीचा पुरा खटारा करसान."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. "मले भेव हाय का पुलावर गाडी पुन्हा बंद पडन," मी म्हटलं, "अन् मामाजी माह्या बाजूले बसल्या बसल्या..." काकाजींनी मान हलवली. तेवढं त्यांना पुरलं.

"तुह्यं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मले नाई बा," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

काकाजींनी पक्कड उचलली. त्यांनी पकडीचा हात दुसऱ्या हातानं धरला आणि तार कापली. बारीकसा आवाज झाला. आता माघार नव्हती. रिंगपाना बसला, पण जुना सेन्सर ढिम्म हलेना. काकाजींनी जोर लावला, पाना निसटला, हातमोजा फाटून बोटाची सालपटं निघाली. पुन्हा स्प्रे, पुन्हा जोर. माझ्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ उभी राहिली, मामाजी स्वेटर घालून ओट्यावर तयार आणि गाडी अशी पोट फाडून पडलेली. शेवटी पान्याला लोखंडी पाइप अडकवून आम्ही दोघांनी खेचलं. असा काही किर्र आवाज आला की मी किंचाळलेच, वाटलं नळी तुटली. सेन्सर सुटला होता, काळाकुट्ट.

"नवा आन व!" काकाजी ओरडले. नवा सेन्सर उंदरांच्या धाकानं त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवला होता. काकूंनी ताटलीत आणून समोर धरला, आणि काकाजी मटकन खाली बसले.

सेन्सरला हळदकुंकू लावलेलं होतं. नेमकं छिद्राछिद्रांच्या टोकाला, ज्याला बोटही लावू नका असं डब्यावर चित्र काढून बजावलं होतं. त्या घरात नवा मिक्सर आला तरी कुंकू लागल्याशिवाय त्यात चटणी वाटली जात नसे. हे कुणाच्या लक्षात येणार?

"तेल लावलं का व?" काकाजींनी खालूनच विचारलं.

"नाई. थेंबभर पानी. मले वाटलं, हे त्याचं डोकं होय."

"काऊन पर?"

काकू ताटली धरून तशाच उभ्या राहिल्या आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "काऊन म्हंजे? हे पोरगी त्यायले घेऊन जाते, तं थे परत येयेपर्यंत मी फाटकातच उभी राह्यतो. तुमी सारे बोलून टाकता. मले नाई येत बोलता. म्हून देवाले सांगतलं."

मला वाटलं आता काकाजी चिडतील. जुन्याची तार कापलेली, दुसरा नवा यायला आठवडा. पण त्यांनी काकूंच्या हातातली ताटली घेतली. मग म्हणाले, "इतल्या वर्षांत आज सांगतलं तू. कोरा ब्रश आन दातांचा. रडू नको."

कोरड्या ब्रशनं त्यांनी कुंकू झाडलं, फुंकर मारून झाडलं, उन्हात धरून पाहिलं. एका छिद्रात लाल कण राहिलाच. "राहू दे. तिचं भेव हाय थे," म्हणाले आणि आटे चुकू नयेत म्हणून सेन्सर आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवला.

बॅटरीची तार परत जोडली आणि गाडी सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. मामाजींची खाटसुद्धा हलवायला लावली. माझ्या हातात वाळूची बादली दिली. हा माणूस, जो गॅसचा लायटर काकूंकडून पेटवून घ्यायचा, तो एकटा गाडीत जाऊन बसला. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात चावी. इंजिन सुरू झालं आणि बॉनेटखालून भसाभस पांढरा धूर निघाला. "काकाजी, बाहेर या!" मी ओरडले. ते हलले नाहीत. "स्प्रे जळून राह्यला," आतून ओरडले, "व्हिडिओत पाह्यलं मी!" पण चेहरा पांढराफटक होता. धूर ओसरला. इंजिन एका लयीत चालत राहिलं. यंत्र लावून त्यांनी पिवळा दिवा घालवला. तो पुन्हा लागला नाही.

खरी परीक्षा सोमवारी होती. तो लाल कण काय करेल, कोण सांगणार? न बोलावता काकाजी मागच्या सीटवर येऊन बसले, दांडी धरून. फाटकात काकू. पूल आला तसे माझे तळवे घामानं चिकट झाले. आरशात पाहिलं तर काकाजींनी डोळे गच्च मिटलेले. चढ लागला. एक आचका नाही. पूल उतरल्यावर मी मामाजींकडे वळून म्हटलं, "मामाजी, झाला पूल!" ते झोपले होते. कितीतरी दिवसांनी गाडीत त्यांना झोप लागली होती.

मामाजी त्यानंतर बरेच महिने जगले. गेले ते घरी, आपल्या बिछान्यावर. पुलावर नाही.

गेल्या हिवाळ्यात काकाजींच्या छातीत दुखायला लागलं. तीच गाडी, तोच रस्ता. मी त्यांना माझ्या बाजूला, मामाजींच्या जागेवर बसवलं, मागे काकू. मी भरधाव निघाले. पूल जवळ आला तेव्हा माझं लक्ष गेलं. काकाजींचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काकाजी, भेव लागून राह्यलं का?" मी विचारलं.

त्यांनी शांतपणे पुलाकडे पाहिलं. "नाई व. आज नाई लागून राह्यलं."

कोळशाच्या ट्रकपुढे भ्याले नव्हते इतकी मी त्या एका "नाई"ला भ्याले. मागे काकू मोठमोठ्यानं बोलायला लागल्या, "मले लागून राह्यलं. मले लई भेव लागून राह्यलं, आयकता का तुमी?"

"काकाजी, दांडी धरा नं," मी म्हटलं. "माह्यासाठी धरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरासे हसले आणि हात वर करून दांडी धरली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यांनी ती सोडली नाही. तिथे मला आणि काकूंना मिळून त्यांची बोटं सोडवावी लागली.