पापड लाटताना कोन बोललं?

बायांनो, आज दुपारी क्वार्टरच्या आंगनात सून, शेजारीण अन् मी उडदाचे पापड लाटून राहिलो होतो. चहा, हसणं, एकमेकीच्या पापडाले नावं ठेवणं, मजेत चाललं होतं.

तेवढ्यात नात माह्या पापडाकडे पाहून म्हणते, "म्हातारे, हा पापड हाय का ट्रकचा टायर?"

शेजारणीचं लाटणं थांबलं. हे बोल तर सुमनचे! सुमन माही मैत्रीण, नातीच्या जन्माच्या पयलेच गेली.

"तुले कोनं शिकवलं वं हे?"

"आजी, तूच तर एकटी पोळ्या लाटताना म्हणते. आवाज बी बदलवते."

सून मान खाली घालून बसली. म्हणजे तिले माहीत होतं.

मले भुताचा भेव नाही. मी पुढचा पापड पातळ लाटला. पण खरं सांगा, घरात एकटं असताना तुमच्या तोंडून कोन बोलते?