मूल कोणत्या गावचं

आमच्या ऑफिसच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा रंगीत नकाशा बघून आक्का मोठ्यानं हसायच्या. मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन जन्मलेली बाळं कोणत्या तालुक्यात जास्त, कोणत्या कमी, हे दाखवणारा तो नकाशा मीच केला होता. "लई देखणा झालाय, साहेब. कुणाच्या तरी रुखवतात मांडा," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या.

आक्का अक्कलकोटकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. मी सोलापुरात, जिल्हा आरोग्य कार्यालयात आकडे जुळवणारा. महिन्याच्या अहवालात अशा प्रत्येक बाळापुढे, कागदाच्या कडेला, त्या तांबड्या शाईनं आईच्या सासरचं गाव लिहायच्या. मला वैताग यायचा.

"आक्का, सासरचा रकानाच नाही."

"रकाना न्हाय म्हणून गाव न्हाय व्हय? पोरगी बाळंतपणाला माहेरी येती. बाळाचा कणा घडतो पहिल्या म्हयन्यात, तवा ती सासरी असती की! आन् तुमी आमचं गाव रंगवत बसलाय."

त्यांचं बरोबर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण रकाना वाढवायचा तर वर पत्र लिहावं लागलं असतं, आणि मी पाचच्या ठोक्याला डबा उचलणारा माणूस. इतका क्षुद्र, की आळसालाही नियम म्हणायचो.

आक्कांच्या गावात माहेरी बाळंतपणाला आलेल्या सुरेखाचं पहिलं मूल उघड्या कण्याचं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. आक्कांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. हिचं सासर सांगोल्याकडं. तिथल्या केंद्राला कळवा, पुढच्या खेपेला दिवस जाण्याआधीच हिला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत. मी "हो हो" म्हणालो आणि चिठ्ठी फाइलला टाचून ठेवली. दीड वर्षानं सुरेखाचं दुसरं मूलही तसंच जन्मलं, तसंच गेलं.

आक्का तडक ऑफिसात आल्या. "चिठ्ठी धाडली व्हती का?"

"टपालात गहाळ झाली असेल," मी म्हणालो.

त्यांनी कपाटातली फाइल स्वतः काढली, पानं उलटली. चिठ्ठी सापडली. "टाचणी तेवढी झ्याक मारलीय," एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

पुढं रजा टाकून, गोळ्या घेऊन त्या स्वतः एसटीनं सुरेखाच्या सासरी जात राहिल्या. तिसऱ्या खेपेला मुलगी धडधाकट झाली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

गेल्या वर्षी आक्का वारल्या. सगळं कबूल करायचं ठरवून मी सुरेखाच्या घरी गेलो. मी आक्कांच्या ऑफिसातला असं म्हणताच तिनं पदर सावरला, लेकीला पुढं ढकललं. "पाया पड साहेबांच्या. ह्यांच्या हापिसानं आक्कांना धाडलं म्हणून तू हायस."

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मोठी हो" म्हणालो आणि एसटी चुकेल असं खोटं सांगून निघालो.