करडईच्या तेलाचा पंचनामा

मोटारीच्या इंजिनात मी करडईचं तेल ओतलं. खाण्याचं. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, माझ्याच हातांनी. मोटार माझ्या बायकोच्या मामांची, आणि नऊच दिवसांपूर्वी ती औरंगाबादच्या एका कारखान्यातून इंजिन सगळं उघडून, नवं करून, सहा महिन्यांच्या लेखी हमीसकट घरी आली होती.

हे मामा म्हणजे निजामाच्या सबंध राज्यात कागदावर एवढं प्रेम करणारा एकमेव माणूस. अंबाजोगाईच्या कचेरीत तीस वर्षं पेशकारी करून ते घरी बसले, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. कोटाच्या एका खिशात तपकिरीची डबी, दुसऱ्यात दौत, आणि छातीशी घडी घातलेले कोरे ताव. दूध उतू गेलं की मामींचं बयान घेत, आणि मामीही चुलीपुढून न उठता ते देत. एकदा मला ताप आला तर तो कोणत्या दिवशी उतरेल हे त्यांनी वैद्यबुवांकडून लिहून मागितलं. वैद्यबुवा पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत. ताप मात्र घाबरून उतरला. यावर मी चारचौघांत जरा जास्तच हसलो, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तोंडी शब्दावर भरवसा ठेवून जमीन घालवलेली माणसं मी रोज कचेरीच्या पायरीवर बसलेली बघितलीत. माणूस बोलतो आणि विसरतो. कागदाला विसरता येत नाही." आणि चिमूटभर तपकीर ओढून त्यांनी विषय मिटवला. मला तेव्हा ते फक्त विक्षिप्त वाटले. शहाणपण विक्षिप्त वाटण्याचंच माझं वय होतं.

मोटार आणायला आम्ही दोघं गेलो होतो. इंजिनाचं काम केलेला मिस्त्री मूळचा कडा गावचा. हमीच्या कागदावर कारखान्याचा शिक्का आणि खाली त्याचं नाव. तो मामांना म्हणाला, "साहेब, ह्या कागदावर माजं नाव हाय. सा म्हैन्यांत इंजिन बिघडलं आन तुमचा कागद आला, तर मला घरी बसवत्यात. लई जपून चालवा." मामांनी कागद तीनदा वाचला. "मजकूर दुरुस्त आहे," म्हणाले, आणि मोटारीत मागं बसले. ते नेहमी मागंच बसत. यंत्राला हात लावणं हे काम माझं, कारण मोटारीतलं सगळं मला कळतं असं मीच घरात पसरवलं होतं.

मग युसूफ वडगावला एक बारसं निघालं. निघण्यापूर्वी मी ऐटीत झाकण उघडलं, तेल कमी वाटलं, आणि मामींच्या कोठीतून डबा आणून रिकामा केला. इंजिनाच्या तेलाचा डबा त्याच्याच शेजारी होता, अगदी तसलाच.

वडगाव दोन कोसांवर असताना धूर निघाला, खडखड झाली आणि मोटार उभी राहिली. मी झाकणाकडे धावलो. मागून मामा ओरडले, "हात लावू नका! हमी आहे!" आणि तिथंच, ज्वारीच्या शेताच्या कडेला, त्यांनी पंचनामा सुरू केला. काढणी सोडून पाटील आले, चार शेतकरी आले. सगळे इंजिनाभोवती गंभीरपणे उभे राहिले.

पाटलांनी नाक वर केलं. "पेशकारसाहेब, हितं कुनी तळन काढतंय का?"

"वडगावात बारसं आहे," मी घाईनं म्हणालो, "तिकडून येत असेल."

"वारा उलटा हाय की," दुसरा पंच म्हणाला.

तपकिरीनं मामांचं नाक केव्हाच निकामी झालं होतं. तरी त्यांनी इमानानं लिहिलं: 'पंच नंबर एक यांस तळणाचा वास येतो. कारण समजून येत नाही.' कारण त्यांच्या शेजारी उभं राहून टोपीनं वारा घेत होतं. शेवटी लिहिलं, 'काम निकस, जबाबदार मिस्त्री.' पंचांनी अंगठे उठवले. मामांनी दौत पुढं केली आणि खाली मीही दस्तखत केलं. मग बैल जुंपून आम्ही मोटार घरी आणली.

सकाळी डाक निघण्याआधी माझा धीर सुटला. घरी बसलेला मिस्त्री डोळ्यांपुढून हलेना. "मामा," मी म्हणालो, "तेल चुकीचं पडलंय. मी ओतलं. करडईचं."

मामांनी बयान घेतलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं बयान घेतलं नाही. लिहिलेला ताव चार तुकडे करून फाडला, कोरा घेतला आणि म्हणाले, "जा, चहा घ्या."

आठवड्यानं तोच मिस्त्री आला, इंजिन धुऊन गेला. मला कुणी काही विचारलं नाही. नव्या कागदात काय होतं, हे न विचारण्याइतका हुशार मी होतोच.

चार वर्षांनी मामा गेले. कुठून तरी कळून मिस्त्री औरंगाबादेहून आला. ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "साहेबांचा त्यो कागद मालकानं समद्यांसमोर वाचला व्हता. 'तेल मी स्वतः ओतलं, मिस्त्रीचा कसूर नाही.' खाली साहेबांची सही. पोट वाचलं माजं."

"मामा तर मोटारीला हातसुद्धा लावत नसत..." मी म्हणालो.

"ठावं हाय. इंजिन धुवाया आलो तवा झाकन कुठनं उघडतं ह्ये बी ठावं नव्हतं त्यास्नी. तवाच वळखलं म्या." उपरण्यानं डोळे पुसून त्यानं मला पायापासून टोपीपर्यंत एकदा नीट बघितलं.

"जल्मात एकदा खोटं लिवलं त्या मानसानं," तो म्हणाला, "आन त्ये बी कुनासाठी, तर तुमच्यासाठी!"